ओळखीचं माणूस

महाड-पोलादपूरकडच्या घरातलं एक तरी माणूस पूर्वी मुंबईत असायचंच. वडील, चुलता, नाहीतर मामा; लालबाग, परळ, शिवडी, वरळी, कुठल्या ना कुठल्या गिरणीत. गावातल्या पोराला मिसरूड फुटली की तो त्यांच्या मागोमाग जायचा. उतरायचा गावच्या खोलीवर, जिथे एकाची पाळी सुटली की त्याच्याच वळकटीच्या जागी दुसरा पाठ टेकायचा. जेवायला खानावळ. नोकरीचा अर्ज त्याने कधी लिहिला नाही. चुलता त्याला खात्यात नेऊन जॉबरपुढे उभा करायचा, 'आपला आहे' म्हणायचा, आणि पोरगा बदलीवर लागायचा. कायम व्हायला पुढे वर्षं जायची, पण पाय आत पडलेला असायचा. साचा कसा चालवायचा हे तो तिथेच, शेजारच्या माणसाकडे बघून शिकायचा.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हा रस्ता संपला. त्यानंतरची पिढी वॉचमन, कुरिअर, ड्रायव्हर, हॉटेल, मॉलमधलं काउंटर अशा कामांत पांगली. तिच्या पुढची पिढी आज बारावीत, आयटीआयत, डिप्लोमाला, बीएस्सी आयटीला आहे. तिच्या हातात मोबाइल आहे आणि तिला 'कॉम्प्युटरमध्ये काहीतरी' करायचं आहे. मात्र ज्या खात्यात तिला शिरायचं आहे तिथे तिचा चुलता नाही. ही पुस्तिका त्या रिकाम्या जागेसाठी आहे. पुण्या-मुंबईत, बंगळुरूला किंवा परदेशात संगणकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आणि आठवड्यातला एखादा तास या दोन तालुक्यांतल्या मुलामुलींना देऊ पाहणाऱ्या माणसाने ती हाताशी ठेवावी. तो माणूस याच मातीतला असला तर उत्तम. नसला तरी काही अडत नाही.

साधनांची उणीव हा मुख्य अडसर आहे असं मला वाटत नाही. हे म्हटल्यावर काहीजण रागावतील, म्हणून आधी हिशेब मांडतो. पोलादपूरहून महामार्गाने तासाभराच्या वाटेवर, माणगाव तालुक्यात लोणेरे आहे. तिथे 1989 साली स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे आणि आज राज्यभरातली अभियांत्रिकी महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ 2001 साली सुरू झालं आणि त्याच्या एमएस-सीआयटीने संगणक तालुक्याच्या बाजारपेठेत आणला. सरकारी नोकरीच्या अर्जाला तो दाखला लागतो म्हणून का होईना, बऱ्याच घरांत कुणीतरी तो कोर्स केलेला असतो. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने पायथनपासून लिब्रेऑफिसपर्यंतचे धडे फुकट उपलब्ध केले, त्यांतले कितीतरी मराठी आवाजात आहेत. 'स्वयम्' आहे, यूट्यूब तर आहेच. सगळं सगळ्यांसाठी खुलं आहे.

पण 'सगळ्यांसाठी खुलं' म्हणजे नेमकं काय, हे महाडच्या माणसाला निराळं समजावून सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ऑगस्ट 1923 मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, आणि तीन वर्षं त्या पाण्याला अस्पृश्यांपैकी कुणाची ओंजळ लागली नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारोंना बरोबर घेऊन तळ्यावर गेले तेव्हा ते पाणी प्यायलं गेलं. त्याच दिवशी, त्यासाठी महाडला भरलेल्या परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले, पुढे नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला आणि न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला 1937 उजाडलं. त्या लढ्याशी कोडिंग क्लासची बरोबरी करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. मला त्यातली एकच गोष्ट घ्यायची आहे: ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये माणसं उभी राहावी लागतात.

याच परिषदेच्या संघटकांपैकी एक रामचंद्र बाबाजी मोरे. त्यांचं लहानपण याच भागात गेलं. शिष्यवृत्तीची परीक्षा पास झालेल्या या मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला होता. तक्रारीचं पत्र वर्तमानपत्रात छापून आल्यावर शाळेचं दार किलकिलं झालं. बुद्धी होती, शिष्यवृत्ती होती, शाळा गावात होती. त्यापलीकडे कुठे लिहायचं, काय लिहायचं आणि लिहिल्याने काही हलू शकतं, हे कळावं लागलं. आजच्या मुलांना नेमकं हेच कुणी सांगत नाही.

सांगायच्या गोष्टी कोणत्या? कामावर असलेल्याला त्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्या शिकवायच्या असतात हेच त्याला सुचत नाही. टेस्टर दिवसभर काय करतो? 'सपोर्ट'ची नोकरी म्हणजे कमीपणा आहे की आत शिरायची वाट? प्रोग्राम चालला नाही आणि पडद्यावर लाल अक्षरं आली की ती वाचायची असतात, घाबरून खिडकी बंद करायची नसते. अडलं तर प्रश्न लिहून विचारायचा: काय करू पाहत होतो, काय झालं, काय करून पाहिलं. ईमेलला विषयाची ओळ द्यायची. बायोडाटात वडिलांचं नाव, धर्म आणि 'छंद : वाचन' यांच्याऐवजी आपण केलेलं एखादं काम लिहायचं. मुलाखतीला 'सर, मला काहीही चालेल' म्हणायचं नाही. यातलं काहीही अभ्यासक्रमात नाही, आणि हे शिकवायला डिग्रीही लागत नाही. मुलं मात्र पहिल्या भेटीत विचारतात ते एकच: "सर, कुठला कोर्स केला की लगेच लागेल?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. महाडच्या नाक्यावरचे फलक, मोबाइलवरच्या जाहिराती, पॅकेजचे आकडे, सगळे त्या मुलाला हेच सांगत असतात की नोकरी कोर्सला लागते. तसं नसतं हे पटवायला एक भाषण पुरत नाही, एक वर्ष लागतं.

इथे मला आपल्याकडच्या सेवेच्या सवयीबद्दल थोडं बोलायचं आहे, कारण सेवावृत्ती या भागाला नवी नाही. गावागावांची मुंबईत ग्रामस्थ मंडळं आहेत. वर्गणी काढून त्यांनी देवळं बांधली, पाण्याच्या टाक्या बांधल्या, मयतीला माणसं आणि गाडी पुरवली. जूनमध्ये वह्यावाटप आणि दहावीच्या निकालानंतर गुणगौरव, हे तर ठरलेलं. नारळ, शाल, ट्रॉफी, पाहुण्यांची भाषणं, फोटो. त्यात वाईट काहीच नाही, पण गुणगौरव झाला की मंडळाचं त्या मुलाशी नातं संपतं, ते पुढच्या गुणगौरवापर्यंत. ऐंशी टक्के मिळवलेली मुलगी अकरावीला कुठे गेली, बारावीला का थांबली, याची नोंद मंडळाच्या वहीत नसते. वर्गणीची मात्र पै न् पै असते. त्याच मंडळाच्या सभासदांची मुलं आज हिंजवडीत आणि ऐरोलीत बसलेली आहेत, आणि त्यांच्याकडे वर्गणी सोडून कुणी काही मागितलेलं नाही.

बाहेरून येणाऱ्या संस्थांचाही अनुभव गाठीशी आहे. रॉनी आणि झरिना स्क्रूवाला यांचं स्वदेस फाउंडेशन रायगडमधल्या ज्या तालुक्यांत काम करतं त्यांत महाड आणि पोलादपूर येतात. पाणी, शौचालय, आरोग्य, शिक्षण, उपजीविका असा त्याचा पसारा आहे. त्याच्या पद्धतीतली मला पटलेली गोष्ट म्हणजे गावाची समिती आधी उभी करायची आणि काम तिच्या हातून करायचं; शहरातले स्वयंसेवक येतात ते या चौकटीत. एकट्या उत्साही माणसाने पोलादपूरच्या वाडीत लॅपटॉप घेऊन उतरणं आणि गावाने बोलावलेल्या माणसाने उतरणं यात फार फरक पडतो. पहिल्याला चहा मिळतो. दुसऱ्याला पुढच्या शनिवारी मुलं मिळतात.

आणखी मागे जायचं तर पाबळ आहे. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या त्या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम काढला. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांनी वेल्डिंग, वायरिंग, पाण्याचा शोध, शेती, अन्नप्रक्रिया अशी गावाला लागणारी कामं करत करत विज्ञान शिकावं ही त्यांची धारणा. 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. ही लॅब बंगळुरूत नव्हे, पाबळला झाली, कारण तिथे यंत्र यायच्या आधी वीस वर्षं हाताने काम करून शिकणारी मुलं तयार होत होती. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात 2011 साली सुरू झालेल्या 'कोडरडोजो'चं मर्म असंच साधं आहे: ठरलेली जागा, ठरलेला वार, मोठ्यांनी फुकट दिलेला वेळ, आणि मुलांनी आपापलं काहीतरी बनवायचं. परीक्षा नाही. पुढे ही चळवळ बऱ्याच देशांत गेली. आपल्याकडे तिची नक्कल करताना टी-शर्ट आधी छापले जातात आणि वार शेवटपर्यंत ठरत नाही.

वार ठरवणं ही या पुस्तिकेतली सर्वांत महत्त्वाची सूचना आहे, म्हणून तिच्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. एकदिवसीय शिबिरावर माझा विश्वास नाही. दोनशे मुलांपुढे 'तंत्रज्ञानातील संधी' सांगून परतीचा रस्ता धरणाऱ्याने एक शनिवार सत्कारणी लावला, तो स्वतःचा. त्यापेक्षा चार मुलं घ्या, तीच चार, वर्षभर. आठवड्यातून एक तास फोनवर किंवा व्हिडिओवर, आणि वर्षातून दोन-तीनदा प्रत्यक्ष. हुकला तर आधी कळवा. मुलं हजर आणि 'सर मीटिंगमध्ये अडकले' असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा मुलं येत नाहीत, आणि पुढच्या स्वयंसेवकाकडेही येत नाहीत.

वेळापत्रक करताना इथलं आभाळ लक्षात घ्या. पोलादपूर सह्याद्रीच्या थेट पायथ्याशी आहे. वर आंबेनळी घाट आणि महाबळेश्वर, दक्षिणेला कशेडी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जुलैत वीज जाते, तिच्यामागे टॉवर जातो, दरड आली तर एसटीही जाते. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर तोच घाला पडला, आणि सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत माणसं पहिल्या मजल्यावर अडकून पडतील एवढं चढलं. म्हणून एक: जुलै-ऑगस्टमध्ये ऑनलाइन तासांवर भिस्त ठेवू नका, तेव्हा कागदावर करायचं काम द्या. आणि दोन: संगणक दान देणार असाल तर तळमजल्याच्या खोलीत बसवू नका. तिसरंही सांगून टाकतो. कंपनीने मोडीत काढलेले, बॅटरी मेलेले, चार्जर हरवलेले लॅपटॉप शाळेला देऊ नका. ते दान शाळेच्या कपाटात धूळ खातं आणि मुख्याध्यापकांना मात्र दरवर्षी त्याची नोंद ठेवावी लागते.

मुलींविषयी. घरात एक स्मार्टफोन असतो आणि तो भावाकडे किंवा वडिलांकडे असतो. रात्री नऊचा तास तुमच्या सोयीचा, पण त्या वेळी तिच्या हातात फोन नसतो आणि असला तर घरच्यांना तो खपत नाही. दुपारचा, शाळेतला किंवा ग्रंथालयातला तास ठेवा, आईशी एकदा प्रत्यक्ष बोला, आणि शक्य असेल तिथे शिकवणारी बाई असू द्या. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींशी स्वयंसेवकाने एकट्याने, खासगी संदेशांतून संपर्क ठेवू नये. पालक आणि शिक्षक ज्यात आहेत असाच गट असावा. त्यांचे फोटो तुमच्या कंपनीच्या पानावर घालू नका. हे नियम काहींना कोरडे वाटतात. मला ते पहिल्याच दिवशी सांगितलेले आवडतात, म्हणजे पुढे कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

शिकवायचं काय, यावर स्वयंसेवकांत नेहमी वाद होतो. प्रत्येकाला आपण वापरतो तीच भाषा जगातली पहिली वाटते. माझं मत विचाराल तर भाषा कुठलीही चालेल, पण कामाचा विषय गावातला हवा. वाडीच्या पाणीयोजनेचा हिशेब एक्सेलमध्ये बसवा. तालुक्याच्या पावसाच्या आकड्यांवरून पायथनमध्ये आलेख काढा. सावित्रीच्या पुलाखालची पातळी मोजणारा साधा सेन्सर जोडून पाहा. ज्या मुलाच्या घरात पाणी शिरलंय त्याला ती का मोजायची हे सांगावं लागत नाही. एसटीचं वेळापत्रक मोबाइलवर वाचता येईल असं एक पान तयार करा, वस्तीच्या गाडीसकट. असं केलेलं एक काम मुलाला मुलाखतीत दहा मिनिटं बोलायला पुरतं. आणि बोला मराठीत. 'लूप', 'फोल्डर', 'सर्व्हर' हे शब्द जसेच्या तसे राहू द्या, मुलांना ते माहीत आहेत. मात्र त्यांच्यामागची गोष्ट मराठीत उलगडा. इंग्रजी लागतंच, ते तांत्रिक मजकूर वाचता येण्याइतकं आणि ईमेल लिहिता येण्याइतकं लागतं, आणि तेवढं वर्षभरात येतं.

तंत्रज्ञानातली नोकरी म्हणजे पुण्यातली सॉफ्टवेअर कंपनी, हे समीकरणही मोडायला हवं. महाडची एमआयडीसी रसायनं आणि औषधांच्या कारखान्यांची आहे. तिथे रिअ‍ॅक्टरचं तापमान आणि दाब नियंत्रणकक्षातल्या पडद्यावर बघणारे लोक लागतात, इन्स्ट्रुमेंट दुरुस्त करणारे लागतात, प्रयोगशाळेतली यंत्रं चालवणारे, साठ्याचा हिशेब संगणकावर ठेवणारे लागतात. नोव्हेंबर 2023 मध्ये इथल्या एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार गेले. अशा जागी पडद्यावरचा आकडा समजणारा माणूस किती मोलाचा असतो हे निराळं सांगायला नको. आयटीआयचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा संगणक चालवायला शिकवणारा 'कोपा' ट्रेड केलेला मुलगा आपल्याला 'आयटीवाला' समजत नाही. त्याला समजू द्या. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला महिना 6,000, आयटीआय-पदविकावाल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं. विद्यावेतनाचा आकडा मुलांना पाठ असतो, पण त्या महिन्यांत कुठे बसलं तर काही शिकायला मिळेल हे विचारायला त्यांच्याकडे माणूस नसतो. नुसत्या सह्या करायच्या जागा आणि हात घालू देणाऱ्या जागा यांतला फरक तुम्हाला एका फोनवर कळू शकतो.

आश्वासनं देऊ नका. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि नवशिक्याच्या हातची जी सोपी कामं होती, साधा कोड लिहिणं, तपासणं, मजकूर भरणं, ती यंत्राकडे जाऊ लागली. पाच वर्षांनी पहिली नोकरी कशी दिसेल हे कुणी छातीठोक सांगत असेल तर तो क्लास विकतो आहे. मुलांना एवढंच सांगा की यंत्राने दिलेलं उत्तर बरोबर आहे की नाही हे ज्याला कळतं त्याला काम राहील, आणि ते कळण्यासाठी आधी दहा वेळा स्वतः चुकावं लागतं.

शेवटची एक अडचण ओळखीचीच आहे, आणि ती मला जास्त छळते. गिरणीतला चुलता आपल्याच माणसाला न्यायचा. आपला म्हणजे आपल्या गावचा, भावकीचा, जातीचा. विणकर खात्यात पगार अधिक होता आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे. बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हा प्रश्न उपस्थित केला तेव्हा कामगार पुढारीही चुळबुळले. ओळखीचं माणूस हे साधन इतकं दुधारी आहे. ग्रामस्थ मंडळातला इंजिनिअर आपल्या वाडीतल्या मुलांना शिकवेल आणि ओढ्यापलीकडची कातकरीवाडी किंवा बौद्धवाडी त्याला दिसणार नाही, हे सहज होऊ शकतं. मुद्दाम कुणी करतं असंही नाही, नावांची यादी मंडळाच्या वहीतून येते एवढंच. म्हणून या पुस्तिकेत यादी शाळेच्या हजेरीपटावरून करायला सांगितली आहे, आणि चार मुलांत दोन तरी अशी असावीत की ज्यांच्या घरातलं कुणीही अजून संगणकासमोर बसलेलं नाही. वर्ग कुणाच्या घरात किंवा देवळाच्या सभामंडपात भरवू नका. शाळा, ग्रामपंचायत, सार्वजनिक वाचनालय चालेल.

पुढच्या प्रकरणांचा क्रम पहिल्या वर्षाच्या महिन्यांप्रमाणे लावला आहे आणि सुरुवात भाद्रपदापासून आहे, जूनपासून नाही. गणपतीला चाकरमानी गावी असतो, मुलंही असतात, शाळेला सुट्टी असते आणि पावसाचा जोर उतरलेला असतो. आरतीनंतर मंडळाची बैठक होते तिथे विषय काढावा, दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना भेटावं, वार तिथल्या तिथे ठरवावा. शिमग्याला परत याल तेव्हा सहा महिने झालेले असतील. त्या खेपेला मुलांनी केलेलं काम बघायला त्यांच्या आईवडिलांना बोलवा, पाहुण्यांना नको.